चेंबर गळतंय म्हणून लगेच पाना उचलू नका

आमच्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर पंजाएवढा काळा डाग आहे. तो माझा. गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन नुकतंच पूर्ण बांधून घेतलेलं, म्हणजे रिबोअर (सिलिंडर आतून पुन्हा कोरणं), पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं. आणि पहिल्याच आठवड्यात खाली तेलाचे थेंब. सेक्रेटरींनी दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा वायपरखाली चिठ्ठी खोचली. मी दर रविवारी गाडीखाली सरपटत जाऊन चेंबरचे बोल्ट पाव-पाव वेढा आवळत होतो आणि दर रविवारी डाग वाढत होता. एकतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाने हे करावं, याची लाज वाटते. म्हणून निदान तुम्ही तरी करू नका.

या चेंबरला पुस्तकात सम्प म्हणतात, ऑइल पॅन म्हणतात. गॅरेजात तो चेंबर. इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी टांगलेली, तेल धरणारी पत्र्याची परात. सगळ्यात खाली असल्यामुळे वर कुठेही गळलं तरी आळ तिच्यावरच येतो.

तेव्हा पहिलं काम, तेल नक्की कुठून येतंय ते बघणं. टॅपेट कव्हर, पेट्रोल पंपाचं बूड, ऑइल प्रेशरचा स्विच, टायमिंग कव्हर, पुलीमागचं सील, यातलं कुठलंही तेल ओघळत चेंबरच्या कडेला येऊन लोंबतं, आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. इंजिन डिझेल-ब्रशने धुऊन घ्या, कोरडं करा आणि इंजिन ब्लॉकच्या खालच्या भागावर, चेंबरच्या कडेवर टाल्कम पावडर फुंकरा. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, एक चक्कर मारून या, मग गाडी घोड्यांवर (पक्क्या लोखंडी स्टँडांवर) घेऊन बॅटरी मारा. (घोड्या लावल्याशिवाय, नुसत्या जॅकवर, गाडीखाली जायचं नाही. यावर चर्चा नाही.) पावडरीवर ओली रेघ दिसेल. ती खालून वर वाचत जायची; जिथे संपते तिथे रोग. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) तळातून थेंब पडत असेल तर चेंबरचं पॅकिंग, म्हणजे चेंबर आणि ब्लॉकच्या मधली कॉर्कची पट्टी, बहुधा निर्दोष आहे. ते तेल क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) मागच्या टोकाकडून येतंय, नाहीतर गिअरबॉक्समधून. बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही.

माझ्याकडे रेघा दोन निघाल्या. एक पेट्रोल पंपाच्या पॅकिंगमधून, तो अर्ध्या तासाचा मामला. दुसरी चेंबरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून.

चेंबर उघडण्याआधी ब्रीदर पाइप बघाच. नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या खोलीत, उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते. कुकरच्या शिट्टीत भाताचा कण अडकला की वाफ झाकणाच्या रिंगेतून फुसफुसते आणि आपण रिंग बदलतो, तसलाच प्रकार. माझ्या इंजिनाला रंग मारताना कुणीतरी ब्रीदरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला होता आणि तो काढायचा राहून गेला होता. आकड्याने ओढून काढला. निम्मी गळती तिथेच थांबली.

उरलेल्या निम्मीसाठी मी मित्राच्या शेडमध्ये चेन पुलीने इंजिन बाहेर काढून स्टँडवर उलटं केलं. उताणं झोपून काम करायचं वय राहिलं नाही हे एक; दुसरं म्हणजे उलट्या इंजिनावर कॉर्क आपल्या वजनाने जागेवर राहतो आणि वरून तेल ठिबकत नाही. गाडीतच करणार असाल तर चेंबर उतरवल्यावर क्रँक रात्रभर निथळू द्या आणि पॅकिंग लावायच्या अगदी आधी ब्लॉकची कड थिनरने पुसा. तेलकट कडेवर काहीही चिकटत नाही.

आता मुख्य गोष्ट. उतरवलेला चेंबर मी ओट्याच्या उरलेल्या कडप्प्यावर पालथा ठेवला आणि पलीकडे बॅटरी धरली. कडेखालून उजेडाच्या फटी, कमानी-कमानींच्या. पत्रा आवळून आवळून प्रत्येक बोल्टाच्या भोकाशी ब्लॉकच्या बाजूला उचलला गेला होता आणि दोन बोल्टांच्या मध्ये खाली वाकला होता. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घातला, एके ठिकाणी ०.८ मिलिमीटर. म्हणजे बोल्टाशी कॉर्क चिरडलेला आणि मध्ये त्याला दाबणारं कुणीच नाही. मी दर रविवारी करत होतो ती दुरुस्ती नव्हती, ही कमान घडवणं होतं.

नवीन पॅकिंग यावर बसवून काही होत नाही. आधी कड सरळ करा. आमच्याकडे ऐरण म्हणून रुळाचा तुकडा आहे. त्याच्या सपाट माथ्यावर कड अशी टेकवायची की उंचवटे आलेली बाजू वर राहील, आणि गोल डोक्याच्या लहान हातोड्याने दर भोकाभोवती हलके टोले द्यायचे. जोर नको; पत्रा ताणला गेला तर लाट जाऊन फुगा येतो. दोन-चार टोले, पुन्हा कडप्प्यावर, पुन्हा उजेड. माझा दीड तास गेला. कोपऱ्यांना जास्त वेळ द्या, पॅकिंगच्या पट्ट्या तिथेच जुळतात.

चेंबर मोकळा आहे तोवर दोन तपासण्या. स्पीडब्रेकरवर घासलेल्या बुडाला केसाएवढी चीर असू शकते. बाहेरून खडू पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आत रॉकेल ओता. मिळालं नाही तर डिझेल. तासाभराने पांढऱ्यावर ओला डाग उमटला तर चेंबर आतून-बाहेरून नीट धुऊन गॅस वेल्डिंगवाल्याकडे. दुसरी तपासणी ड्रेन प्लगची. तांब्याचा वॉशर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेपने ते भरून येत नाहीत.

ब्लॉकच्या कडेवरचं जुनं पॅकिंग बोथट खरवडणीने काढा. क्रँकवर आधी स्वच्छ फडकं पसरा. पॉलिश पेपर, वायर व्हील काही नको. त्याची कणी बेअरिंगमध्ये गेली की रिबोअरचे पैसे पाण्यात.

पॅकिंग मी पुण्याच्या नाना पेठेतून कॉर्कचं आणलं. दुकानात वर्षानुवर्षं टांगलेला कॉर्क आखडतो, भोकं जुळत नाहीत, आणि लोक ओढून ताणून त्याचा तुकडा पाडतात. तो तासभर कोमट पाण्यात ठेवा. फुगून मापावर येतो. मग सपाट पाटावर, वर दुसरी फळी ठेवून, वरचा ओलावा सुकू द्या. चेंबरच्या कडेला शेलॅकचा (लाखेच्या द्रावणाचा) पातळ हात द्या, कॉर्क बसवा आणि पाच-सहा भोकांतून शिवणाच्या दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवा. चेंबर चढवून बाकीचे बोल्ट लागले की दोरे कापायचे.

सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, जिथे पॅकिंगची लांब पट्टी आणि टोकाची कमानदार पट्टी भेटते, तिथे हरभऱ्याएवढा थेंब. टूथपेस्टसारखा सगळीकडे फासला की जेवढा बाहेर दिसतो तेवढाच आतही पिळला जातो. माझ्या ऑइल पंपाच्या जाळीवर पहिल्या बांधणीतले सिलिकॉनचे तीन निळे गांडूळ चिकटलेले होते. गळती परवडली, जाळी बंद होऊन ऑइल प्रेशर गेलेलं परवडत नाही. रबरी पॅकिंग मिळालं तर त्याला काहीच लावू नका. ओशट झालं की दाबाखाली सटकतं. एखाद्या बोल्टाचं भोक क्रँककेसमध्ये आरपार उघडत असेल तर तेल आट्यांवरून चढतं, तेवढ्या बोल्टाच्या आट्यांना सीलंट लावा.

आवळायची वेळ आली की मला एक म्हातारे मिस्त्री आठवतात. मूळचे साताऱ्याकडचे, मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी दुरुस्त करण्यात हयात गेलेली. माझ्या हातातला लांब रॅचेट बघून म्हणाले, "अवो भाऊ, ल्हान पाना घ्या. मोठ्या पान्यानं हात आवरत न्हाई." दहा नंबरचा आखूड रिंग पाना, दोन बोटांत धरलेला. आधी सगळे बोल्ट हाताने टेकवा. मग मधून सुरुवात करून आलटूनपालटून टोकांकडे, तीन फेऱ्यांत. कॉर्क कडेने जरासा फुगलेला दिसला की थांबा. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) असेल तर सहा एमएमच्या बोल्टाला सहा-सात न्यूटन-मीटर, बस्स. स्प्रिंग वॉशरखाली सपाट वॉशर घाला, म्हणजे पत्रा भोकाशी उचलला जात नाही.

तेल भरा, इंजिन पूर्ण गरम करा, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी त्याच दोन बोटांनी एक फेरी. दोनशे किलोमीटरनंतर आणखी एक. त्यानंतर पाना पेटीत.

मी पंधरा दिवस गाडीखाली वर्तमानपत्र अंथरत होतो. चेंबरच्या जागी कागद कोरडा. मात्र फूटभर मागे रोज एक थेंब पडतो, आणि त्याला गंधकाचा वास येतो. गिअरबॉक्स दिवाळीनंतर काढणार आहे. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.