चिनी ऐतिहासिक प्रेममालिकेचे गुणदोष कसे पाहावेत

‘बूबू जिंगशिन’ ही चिनी मालिका सप्टेंबर २०११ मध्ये हूनान वाहिनीवर सुरू झाली. नावाचा अर्थ साधारण ‘पावलागणिक काळजात धस्स’ असा होतो. आपल्याकडचे प्रेक्षक मात्र तिला ‘स्कार्लेट हार्ट’ या इंग्रजी नावानेच अधिक ओळखतात. चिनी ऐतिहासिक प्रेममालिका पारखायच्या कशा, असे कोणी विचारले की मी त्यांना याच मालिकेपासून सुरुवात करायला सांगते. पस्तीस भागांत आटोपणारी ही मालिका आहे, तिचे गुण ठसठशीत आहेत आणि तिचे दोषही लपून राहत नाहीत. पुढच्या मजकुरात शेवटाचीही चर्चा येणार आहे, त्यामुळे ज्यांना कथा आधी कळू नये असे वाटते त्यांनी मालिका पाहून झाल्यावरच हे वाचावे.

कथा थोडक्यात अशी. शेनझेनमध्ये नोकरी करणारी जांग शियाओ ही आजची तरुणी अपघातानंतर शुद्धीवर येते ती थेट सम्राट कांगशीच्या कारकिर्दीच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे १७०४ मध्ये. तिचे शरीर आता रुओशी नावाच्या एका मांचू, म्हणजे त्या काळी चीनवर राज्य करणाऱ्या जमातीतल्या, सरदारकन्येचे असते आणि ती आठव्या राजपुत्राच्या वाड्यात राहत असते, कारण तिची थोरली बहीण रुओलान ही त्याची दुय्यम पत्नी असते. सम्राटाचा कोणता मुलगा गादीवर बसणार आणि कोणाची धूळधाण होणार हे तिला इतिहासाच्या वाचनातून ठाऊक असते. तिचे मन आधी आठव्या राजपुत्रात गुंतते आणि पुढे चौथ्यात.

पाहायला बसण्यापूर्वी तासभर इतिहासाला द्यावा, ही माझी पहिली सूचना. त्यासाठी जाडजूड ग्रंथ लागत नाही, एक कोरा कागद पुरतो. कांगशीला पस्तीस मुलगे झाले आणि त्यांपैकी चोवीस जणांना अधिकृत क्रमांक मिळाले. कागदावर चौथा, आठवा, नववा, दहावा, तेरावा आणि चौदावा एवढेच क्रमांक लिहावेत. चौथा आणि चौदावा हे एकाच आईचे सख्खे भाऊ, पण चौदावा आठव्याच्या गटातला आणि तेरावा चौथ्याचा जिवाभावाचा, हे बाणाने दाखवावे. त्याखाली चार वर्षे टिपावीत. १७०८ मध्ये युवराजाला पदावरून काढले, १७१२ मध्ये दुसऱ्यांदा आणि कायमचे काढले, १७२२ च्या डिसेंबरात कांगशी वारला आणि चौथा राजपुत्र योंगजेंग या नावाने सम्राट झाला, आणि १७२६ मध्ये आठवा व नववा हे दोघेही कैदेत मरण पावले. मराठी वाचकाला हा काळ परका वाटायचे कारण नाही. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांत झालेले युद्ध आणि १७०८ मध्ये साताऱ्यास झालेला शाहू महाराजांचा राज्याभिषेक हे याच वर्षांतले आहे, आणि वारसाहक्काच्या प्रश्नाने एखादे घराणे कसे पोखरले जाते हे आपल्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

हा कागद शेजारी असला की पहिल्याच भागापासून मालिकेचे मोठे बळ जाणवू लागते. पानिपताविषयी काहीही वाचताना शेवट माहीत असूनही पान उलटताना हात जड होतो, तशीच अवस्था इथे होते. राजपुत्र एकत्र जमून हसत-खिदळत असतात आणि आपली नजर मात्र त्यांच्या क्रमांकांवर खिळलेली असते.

आता मुख्य कसोटीकडे वळू. अशा प्रत्येक मालिकेला एकच प्रश्न विचारावा: इतिहास काढून घेतला तर ही प्रेमकथा आहे तशीच उरते का? उरत असेल तर दरबार, झुली आणि कंदील हा केवळ देखावा आहे असे समजावे. ‘बूबू जिंगशिन’मध्ये इतिहास काढला की कथा कोसळते. चिंग म्हणजे कांगशीच्या घराण्याच्या राजवटीत, ‘पताका’ म्हटल्या जाणाऱ्या लष्करी पथकांत नोंदलेल्या मांचू घराण्यांतल्या मुलींना वयात येताना दर तीन वर्षांनी होणाऱ्या राजवाड्यातील निवडीसाठी हजर व्हावे लागे आणि त्यातून मोकळीक मिळेपर्यंत त्यांचे लग्न परस्पर ठरवता येत नसे. रुओशी याच नियमामुळे राजवाड्यात जाते आणि सम्राटाला चहा देणाऱ्या दासींत तिची नेमणूक होते. इथून पुढे तिचे लग्न ही तिच्या किंवा तिच्या प्रियकराच्या हातची गोष्ट राहत नाही. सम्राटाचा एक शब्द तिला कोणाच्याही घरी धाडू शकतो, आणि पुढे तो शब्द चौदाव्या राजपुत्रासाठी उच्चारला जातो तेव्हा नकार दिल्याबद्दल तिला शिक्षा भोगून धुलाईघरात वर्षे काढावी लागतात. दोघांच्या प्रेमाआड येणारा अडसर खलनायकाने उभा केलेला नसून राज्यव्यवस्थेतूनच आलेला आहे, हे ज्या मालिकेत दिसते ती मालिका इतिहासाशी प्रामाणिक आहे असे मी मानते.

याहून खोल गुण तिच्या भविष्यज्ञानाच्या हाताळणीत आहे. आठव्या राजपुत्रापासून दूर होताना, त्याचा जीव वाचावा या कळवळ्याने, रुओशी त्याला चौथ्यापासून सावध राहायला सांगते आणि चौथ्याला पुढे उपयोगी पडणाऱ्या माणसांची नावेही घेते. त्या इशाऱ्यामुळेच आठवा चौथ्याविरुद्ध हालचाली सुरू करतो, त्यातून तेरावा राजपुत्र सगळा दोष स्वतःवर घेऊन दहा वर्षांच्या कैदेत जातो आणि दोन्ही गटांतले वैर कायमचे होते. ही साखळी आपल्यापासून सुरू झाली हे तिला फार उशिरा कळते. इतिहास बदलण्याची तिची धडपड हीच इतिहास घडण्याचे कारण ठरते. कालप्रवासाच्या कथांत नायिकेचे ज्ञान हे सहसा तिचे हत्यार असते. इथे ते तिच्या गळ्यातला धोंडा आहे. गुणदोष लिहिताना अशी कारण-परिणामांची साखळी सापडली तर ती सविस्तर मांडावी, कारण ‘कथानक उत्कंठावर्धक आहे’ या वाक्याने वाचकाच्या हाती काहीच पडत नाही.

प्रेम पारखताना सुंदर प्रसंगांची यादी करण्यापेक्षा दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. गवताळ प्रदेशातल्या मुक्कामात रुओशी आठव्याला गादीची आस सोडून द्यायला विनवते. तो तिच्यावर प्रेम करतो, पण आस सोडू शकत नाही आणि तसे सरळ कबूल करणेही त्याला जड जाते. पुढे एकदा ती चौथ्याला थेट विचारते, तुम्हाला सिंहासन हवे आहे का? हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर देणे, दोन्हीही जिवावर बेतणारे. तो एका शब्दात होकार देतो. तिचे मन चौथ्याकडे का वळले हे सांगायला मालिकेला त्यानंतर एकाही भाषणाची गरज पडत नाही, कारण दोघांनाही गादी हवी आहे आणि फरक फक्त तिच्याशी खरे बोलण्याचा आहे. कैदेतल्या तेराव्यासोबत त्याची प्रिय सखी ल्यूवू हिला राहू द्यावे म्हणून रुओशी भर पावसात गुडघे टेकून बसते, तो प्रसंगही याच दृष्टीने पाहावा. या वेळी चौथ्याला तोंड उघडण्याची सोय नसते, म्हणून तो छत्री टाकून तिच्यासोबत पावसात भिजत उभा राहतो. न बोलता काय करता येते एवढेच त्या दृश्यात दाखवले आहे आणि म्हणून ते लक्षात राहते.

भाषेचा मुद्दा मराठी प्रेक्षकाने विशेष लक्ष देऊन तपासावा, कारण आपण बहुधा इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहतो आणि इंग्रजीत ‘मी’ला एकच शब्द आहे. चिनी दरबारी बोलण्यात दासी स्वतःला ‘नूबी’ म्हणते, म्हणजे ‘ही दासी’. बरोबरीच्या नात्यात ती ‘वो’ म्हणते, म्हणजे साधे ‘मी’. आणि सम्राट स्वतःसाठी ‘जन्’ हा फक्त त्यालाच वापरता येणारा शब्द वापरतो. हे तीन शब्द कानांना ओळखू येऊ लागले की उपशीर्षकात न दिसणारे बरेच काही कळते. नायिका रागाच्या भरात ‘नूबी’वरून ‘वो’वर आली किंवा दुखावली जाऊन मुद्दाम ‘नूबी’वर परत गेली, तर तो ‘तू’चा ‘आपण’ होण्याइतकाच मोठा बदल असतो. राजपुत्रांना क्रमांकापुढे ‘ये’ लावून हाक मारतात, म्हणून चौथा तो ‘सऽये’ आणि आठवा तो ‘बाये’. एवढे कळले तरी कोण कोणाविषयी बोलत आहे हा घोळ मिटतो. एखादा संवाद सपाट वाटला तर दोष लेखकाचा की उपशीर्षकाचा, हे याच मार्गाने ठरवावे. आवाजाबाबतही हीच काळजी घ्यावी. चिनी मालिकांत नटांऐवजी आवाजी कलाकारांचा आवाज वापरण्याची पद्धत त्या काळी सर्रास होती. चौथ्याच्या भूमिकेतला वू चीलुंग तैवानचा आणि आठव्याच्या भूमिकेतला केविन चेंग हाँगकाँगचा आहे. अशा मालिकेत नटाला श्रेय देताना चेहरा आणि देहबोली यांच्याविषयी लिहावे, स्वराविषयी जपून लिहावे.

वेशभूषेवर फार वेळ घालवू नये. चिंग दरबाराच्या मालिकांत दिसणारे भलेमोठे पंखाकृती शिरोभूषण हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे, कांगशीच्या काळातले नाही. ते दिसले तर एका ओळीत नोंद करून पुढे जावे.

दोष सांगताना मात्र हातचे राखू नये. पहिला दोष सुरुवातीचा. पहिल्या काही भागांत रुओशी धसमुसळी, भांडखोर आणि सर्वांची लाडकी आहे, आणि एकामागून एक राजपुत्र तिच्याकडे ओढले जातात ते मुख्यतः ती ‘वेगळी’ आहे म्हणून. शरीर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे मानायचे आणि समोर प्रौढ नटी पाहायची, ही तडजोडही खटकते. रुओशीची भूमिका करणाऱ्या ल्यू शिशीचा अभिनय खरा रंगतो तो राजवाड्यात आल्यानंतर. बेजिंगच्या नृत्य अकादमीत बॅले शिकलेल्या या नटीच्या चालण्यात आणि वाकण्यात जी शिस्त आहे, तिला चहाचे तबक हाती आल्यावरच वाव मिळतो.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. आजच्या काळातून आलेली ही स्त्री बहुपत्नीत्वाशी झगडते खरी, परंतु मालिका तो झगडा बहुतांशी तिच्या एकटीच्या मनापुरता ठेवते. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यात जीव गुंततो, हे रुओलानच्या बाजूने पाहण्याची संधी मोठी होती. रुओलानला तिचे स्वतःचे दुःख दिलेले आहे, तिचा पूर्वीचा प्रियकर गमावल्यामुळे ती नवऱ्याविषयी थंड आहे. पण याच सोयीमुळे रुओशीच्या वागण्याचा अवघड भाग हलका होतो. नायिकेला दोषमुक्त करण्यासाठी दुसऱ्या स्त्रीचे मन आधीच रिकामे करून ठेवणे ही युक्ती या प्रकारच्या अनेक मालिकांत आढळते आणि ती आढळली की तिच्यावर बोट ठेवलेच पाहिजे.

तिसरा दोष शेवटच्या टप्प्याचा. चौथा सम्राट झाल्यावर भावांचा पाडाव, बंदिवास आणि मृत्यू या गोष्टी दृश्यांपेक्षा निरोपांतून आणि संवादांतूनच अधिक कळतात. चौदाव्याची पश्चिमेकडची मोहीम तर नावापुरतीच येते. राजकारण पडद्याआड गेल्यामुळे सम्राटाचे क्रौर्य अचानक उफाळल्यासारखे वाटते. रुओशीची जिवलग सखी असलेल्या यूतान या दासीला वाफेत शिजवून मारण्याची शिक्षा हे त्याचे टोक. चिंग कायद्यातल्या देहदंडांत ही शिक्षा नव्हती. तिने प्रेक्षक हादरतो आणि रुओशीचे राजवाड्यात राहणे अशक्य होते, एवढ्यासाठीच ती घातली आहे असे मला वाटते.

ज्यांना दोष म्हणता येणार नाही अशा गोष्टीही वेगळ्या काढाव्यात. कालप्रवासाचे स्पष्टीकरण दिलेले नाही, मधले भाग संथ आहेत, शेवट दुःखी आहे, या तक्रारी मालिकेने जे दिलेच नाही किंवा जे जाणूनबुजून दिले त्याबद्दलच्या आहेत. तसेच पडद्याबाहेरच्या गोष्टींनी वाहून जाऊ नये. ल्यू शिशी आणि वू चीलुंग यांनी २०१५ मध्ये प्रत्यक्षात लग्न केले, म्हणून पडद्यावरची त्यांची जवळीक आपोआप चांगली ठरत नाही. २०१६ मध्ये याच कथेचा कोरियन अवतार आला. त्यात काळ गोर्यो राजवटीचा आहे, तेव्हा तुलना करायची झाल्यास तिथला इतिहास प्रेमाला किती बांधतो, हाच प्रश्न पुन्हा विचारावा.

लिहायला बसताना गुणांचा एक आणि दोषांचा एक असे समान परिच्छेद पाडण्याचा अट्टहास नको. ज्या मुद्द्यासाठी तुमच्याकडे दृश्य आहे तो मुद्दा मोठा करावा, नसेल तो एका वाक्यात संपवावा. शेवटाविषयीचे मत देण्यापूर्वी त्याचे धागे मागे कुठवर जातात हे शोधावे. या मालिकेत राजवाडा सोडून चौदाव्याच्या घरी गेलेली रुओशी मरणापूर्वी योंगजेंगला पत्र लिहिते. पाकिटावरचे तिचे अक्षर सम्राटाच्या अक्षरासारखेच दिसते, म्हणून ते कोणाच्या नजरेस पडू नये या काळजीने चौदावा राजपुत्र ते आपल्या हस्ताक्षरातल्या दुसऱ्या पाकिटात घालतो. चौदाव्यावर चिडलेला सम्राट ते पाकीट फोडतच नाही, आणि तो येईल या आशेवर ती डोळे मिटते. अनेकांना हा निव्वळ योगायोग वाटतो. त्यांनी मागे जाऊन धुलाईघराचे भाग पुन्हा पाहावेत: कपडे धुऊन फुगलेल्या हातांनी, दूर राहिलेल्या माणसाच्या आठवणीत, ती वर्षानुवर्षे त्याचेच अक्षर गिरवत बसलेली असते.