गाडी बघायला जाताना टेप घ्या, आणि कुत्र्यालाही घ्या

शोरूममध्ये शिरलं की विक्रेता आपल्याला आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो. हातात स्टिअरिंग, समोर भलामोठा स्क्रीन, डोक्यावर काचेचं छप्पर. पाचव्या मिनिटाला आपण मनातल्या मनात गाडी घेऊन घरी पोचलेलो असतो. दोन मुलं आणि पस्तीस-पस्तीस किलोची दोन कुत्री असलेल्या घरानं हा क्रम उलटा करावा. आधी डिकी, मग मधली रांग, आणि ड्रायव्हरची सीट सगळ्यात शेवटी. मागच्या खेपेला आम्ही पुढून सुरुवात केली होती, आणि त्याचा त्रास पुढची सहा वर्षं काढला. म्हणून ही यादी मागून पुढे येते.

निघण्याआधी घरी तासाभराचं काम आहे. कुत्रं निवांत उभं असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजून घ्यायची. डोक्यापर्यंत म्हणतोय, कारण जातीच्या माहितीत दिलेली उंची खांद्यापर्यंतची असते. लॅब्रेडॉर नर साधारण ५५ ते ६२ सेंटिमीटर, जर्मन शेफर्ड नर ६० ते ६५, ग्रेट डेन तर पाऊण मीटरच्याही वर, आणि मान-डोकं त्याच्यावर वेगळं. मग ते कुशीवर पसरून झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. आमचा बंड्या झोपताना चारही पाय ताणतो, त्यामुळे त्याची रुंदीही लिहून घ्यावी लागली. पिल्लू असेल तर आजचं माप काही कामाचं नाही, त्याच्या आईबापांकडे बघून अंदाज बांधायचा. पिंजरा आधीच घरात असेल तर त्याची तिन्ही मापं, आणि शिवाय तळाच्या आकाराचा एक वर्तमानपत्राचा नमुना. चार-पाच पानं चिकटपट्टीनं जोडायची, पिंजरा वर ठेवून कडेनं कापायचं, घडी करून पिशवीत टाकायचं. या फुकटातल्या कागदानं आम्हाला ज्या तीन गाड्यांपासून वाचवलं, त्या माहितीपत्रकात एकसे एक होत्या.

मुलांचीही उंची-वजनं लिहायची, आणि आजचीच नव्हे. गाडी सात-आठ वर्षं ठेवायची असेल तर आज तीन वर्षांचा असलेला अकरा वर्षांचा होणार आहे. युरोपातल्या आर-१२९ या नियमानुसार बाळाची सीट किमान १५ महिन्यांपर्यंत उलटी, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची असते. ती पुढची सीट कशी पुढे ढकलते ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. बाळाच्या पुढ्यात उंच बाबा बसणार असतील तर त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. पुढे बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी गादी, येतो, आणि मूल दीडशे सेंटिमीटरच्या आसपास उंचीचं होईपर्यंत तो राहतो. थोडक्यात, मुलांच्या सीटा ही दोन वर्षांची पाहुणी नाही, ती गाडीसोबतच म्हातारी होणार. म्हणून बघायला जाताना आपल्याच सीटा बरोबर न्यायच्या. विक्रेत्याचं 'सगळ्या बसतात हो' ऐकून घ्यायचं आणि तरीही बसवून बघायचं.

आता डिकी. माहितीपत्रकातल्या लिटरच्या आकड्यावर भाळू नका. तो बऱ्याचदा २०० × १०० × ५० मिलिमीटरच्या, म्हणजे बरोबर एक लिटरच्या ठोकळ्यांनी भरून मोजलेला असतो. ठोकळे कडेच्या खोबणीत जातात, फळीखालच्या कप्प्यातही जातात. कुत्रं जात नाही. शिवाय कुणी झाकणाच्या पट्टीपर्यंतचा आकडा देतं, कुणी छतापर्यंतचा, आणि मागची सीट पुढेमागे सरकणारी असेल तर ती पुढे ओढून मोजलेलाही. दोन गाड्या, दोन्ही सहाशे लिटर. एकीची मागची काच उभी, दुसरीची घसरगुंडीसारखी उतरती. पहिलीत आमची कुत्री शेरी उभी राहून वळते, दुसरीत मान खाली घालून बसते. आपल्याला हवीत चारच मापं. मधली सीट पूर्ण मागे असताना डिकीच्या तळाची लांबी, चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी, दार बंद झाल्यावर काच जिथे येते तिथली छतापर्यंतची उंची, आणि दाराच्या चौकटीची उंची. हे शेवटचं सगळे विसरतात. चौकट आतल्या छतापेक्षा खाली असते, त्यामुळे आत मावणारा पिंजरा दारातूनच आत जात नाही.

डिकीचा उंबरा जमिनीपासून किती उंच, हेही टेपनं बघायचं. तरुण कुत्रं कुठेही उडी मारतं. प्रश्न आठव्या वर्षी येतो. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं नेहमीचं, आणि पस्तीस किलो उचलून आत ठेवायचं म्हणजे मग आपल्या कंबरेचंही दुखणं. वर चढण्यापेक्षा खाली उडी मारताना पुढच्या पायांना जास्त दणका बसतो. कुत्र्याला चढ-उतार करायला उतरणीची फळी घ्यायची तर साधा हिशेब करा: ७५ सेंटिमीटरच्या उंबऱ्याला दीड मीटरची फळी लावली तर चढ ३० अंशांचा होतो, आणि तो कुत्र्याला भिंतीसारखा वाटतो. १.८ मीटरची लावली तर २५ अंशांच्या जवळ येतो. तोच उंबरा साठ सेंटिमीटरचा असेल, जसा स्टेशन वॅगनमध्ये किंवा बुटक्या एमपीव्हीत (ऐसपैस कौटुंबिक गाडीत) सापडतो, तर याच फळीनं वीसच्या आत. उंच एसयूव्हीचा रुबाब इथे अंगाशी येतो. आणि हो, घडी केलेली ती फळी गाडीत कुठे ठेवणार, तेही त्याच वेळी ठरवा.

आमची फसगत झाली ती मात्र भलत्याच ठिकाणी. मुलांची सीट गाडीला थेट अडकवायचे खालचे दोन खटके, म्हणजे आयसोफिक्स, आम्ही तपासले होते. पण पुढे तोंड करून बसणाऱ्या बहुतेक सीटांना तिसरा आधार लागतो: सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा, टॉप टेदर. त्याची कडी काही गाड्यांत मधल्या सीटच्या पाठीवर असते, काहींत डिकीच्या तळाला, आणि काहींत चक्क छतात. आमच्या गाडीत ती डिकीच्या तळाला, अगदी मधोमध होती. धाकट्याची सीट लावली की तो ताणलेला पट्टा डिकीतून तिरका उतरायचा. कुत्र्यांसाठी आणलेली जाळी त्याच्यामुळे उभीच राहीना, पिंजरा एक वीत मागे सरकवला तर दार लागेना, आणि एकदा वळणावर बंड्याचा पाय त्यात अडकला. शेवटी एक कुत्रं घरी ठेवून प्रवास करायची वेळ आली. घेण्याआधी पाच मिनिटं मागे वाकून बघितलं असतं तर हे टळलं असतं. म्हणून कडी सीटच्या पाठीवर असलेली गाडी दिसली की माझ्याकडून तिला दोन गुण जास्त.

सात सीटांची घेतली म्हणजे सुटलो, हाही एक गोड गैरसमज. तिसरी रांग उभी केली की मागे उरते ती दोन पिशव्यांची जागा. त्यामुळे सातजण आणि कुत्री असा प्रवास वर्षातून किती वेळा होतो, हे खरेपणानं मोजा. आमच्याकडे उत्तर 'दोनदा' आलं, आणि तेवढ्यासाठी दुसरी गाडी भाड्यानं घेता येते. तरीही तिसऱ्या रांगेचा एक छुपा फायदा आहे, त्याबद्दल पुढे. तिथे मूल बसवणारच असाल तर आयसोफिक्स तिथपर्यंत आहे का आणि बाजूची पडद्यासारखी एअरबॅग त्या खिडकीपर्यंत पोचते का, हे पुस्तिकेत शोधा. मधल्या रांगेत दोन कडेला मुलांच्या सीटा लावून मध्ये आजींना बसवून बघा. नुसतं बसवू नका, पट्टा लावायला सांगा. खटका सीटाखाली गडप झालेला असतो आणि बोटं घालायला जागा नसते.

वजनाकडे फारसं कुणी बघत नाही, मी मात्र कागदावर मांडलं. दोन मोठी माणसं १४०, दोन मुलं ४५, त्यांच्या सीटा २०, दोन कुत्री ७०, पिंजरा २५, सामान ४०. झाले ३४० किलो, तेही चारच माणसांत. गाडीचं कमाल परवानगीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, उरतं ते आपलं. काही ठिकाणी रिकाम्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो, ते तेवढं तपासा. भरल्या गाडीसाठी टायरमधली हवाही वेगळी सांगितलेली असते, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर.

कुत्र्याला बांधायचं कसं, हा प्रश्न गाडी निवडतानाच सोडवावा लागतो. पस्तीस किलोचं कुत्रं, गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, आणि धडकेत दशांश सेकंदात सगळं थांबलं, तर त्या कुत्र्याला रोखायला सरासरी पाचशे किलो वजनाइतका जोर लागतो. मोकळं असेल तर तो जोर मुलांच्या पाठीवर येतो. म्हणून डिकीच्या तळाला धातूच्या पक्क्या कड्या हव्यात. पिशवी अडकवायचे प्लास्टिकचे आकडे त्यात मोजू नका. पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारी जाळी त्या मॉडेलसाठी बनवलेली मिळते का, विचारा. सगळ्यांना बसणारी म्हणून मिळते ती खडखडते आणि एक दिवस कलते. मधल्या सीटवरच बसवणार असाल तर छातीचा हार्नेस, गळ्यातला पट्टा कधीच नाही. पिंजरा घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मागून धडक बसली तर दार आत येतं, मग पिंजऱ्याला सीटच्या बाजूनंही एक दार असलेलं बरं. आणि पंक्चर झाल्यावर स्टेपनी कुठून काढणार? डिकीच्या फळीखाली असेल तर रस्त्याच्या कडेला आधी कुत्री, मग पिंजरा, मग फळी. आम्ही ही कसरत केली आहे, रात्री, पावसात.

आता तो छुपा फायदा. तिसऱ्या रांगेसाठी एसीचे झरोके दिलेले असतील तर ती रांग आडवी केल्यावर ते कुत्र्यांच्या वाट्याला येतात. कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि कोंदट हवेत ते जमत नाही. पाच सीटांच्या बऱ्याच गाड्यांत गार हवा मधल्या रांगेच्या पाठीशीच थांबते. मी चक्क डिकीत मांडी घालून बसलो, विक्रेत्याला दार लावून एसी चालू करायला सांगितलं आणि दहा मिनिटं आत काढली. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बाहेर आलो तो शर्ट भिजलेला, आणि ती गाडी यादीतून गेली. उभ्या गाडीचं तर विचारूच नका. बाहेर अवघं २४ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत पारा चढतो, काच बोटभर उघडी ठेवून फार फरक पडत नाही. हे मुलांनाही तितकंच लागू. मागच्या काचांना पडदे आहेत का, हेही याच भरात बघून घ्या.

बाकीचं भराभर. सरकती दारं असतील तर शेजारच्या गाडीला पोरांचं दार आपटत नाही. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक आणि खिडक्यांचं कुलूप तपासा, कारण खिडकीचं बटण पंजानं दाबलं जातं आणि शेरीला ते आठवडाभरात कळलं होतं. गाडी चालू ठेवून आणि चावी आत ठेवून कधी उतरू नका, दारं लॉक करणारं बटणही तसंच दाबलं जातं. कापडी सीटच्या विणीत केस घुसून बसतात, ते ओल्या रबरी हातमोज्यानं चोळल्याशिवाय निघत नाहीत. गुळगुळीत रेक्झिनसारखं आवरण बरं, मात्र उन्हात तापतं. मधल्या सीटची पाठ कार्पेटची असेल तर आडवी केल्यावर तिथेच केस आणि चिखल. सीट आणि डिकीचा तळ यांच्यात फट राहते का, हाताची चार बोटं घालून बघा; तिथे पाय अडकतो. फिकट रंगाचं छत घेऊ नका, ओलं कुत्रं अंग झाडतं तेव्हा सगळं वरच उडतं.

चाचणीला सगळं कुटुंब न्यायचं, कुत्र्यांसकट. एखादं शोरूम नको म्हणतं. मग आपली जुनी चादर अंथरायची तयारी दाखवायची, तरी नको म्हणाले तर दुसरीकडे जायचं. वर्तमानपत्राचा नमुना डिकीत पसरा, त्यावर चादर, मग कुत्रं. निदान अर्धा तास चालवा. एक गतिरोधक, एक चढ, आणि पिंजरा असताना उलट पार्किंग, कारण तेव्हा आरशात फक्त कान दिसतात. घरी पार्किंगला छत असेल तर डिकीचं दार पूर्ण वर गेल्यावर किती उंच होतं तेही मोजून घ्या. आम्ही घेतली त्या गाडीत बंड्या आत शिरला, तीनदा गोल फिरला, धपकन पडला आणि मधल्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपला. थोरली म्हणाली, "बाबा, हा माझ्या कानात श्वास सोडतोय." जाळी मागवायची आहे, असं मी वहीत लिहिलं.