होळीनंतर पेरा, मृगापर्यंत रंग बघा

मागे एका मार्चमध्ये नर्सरीतून पिटुनियाची बारा रोपं आणली होती. जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, कुंडीच्या काठावरून ओसंडणारी. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगदी लग्नघर दिसतंय हो!" हनुमान जयंतीला बारांपैकी दोन उरली, तीही पिवळी पडलेली. चूक पाण्याची नव्हती की खताची नव्हती. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, स्वीट पी ही थंडीची फुलं. ऑक्टोबरात पेरायची आणि फेब्रुवारीपर्यंत डोळे भरून बघायची. मार्चमध्ये ती नर्सरीत फुललेली दिसतात, पण तो त्यांचा शेवटचा बहर असतो आणि आपण नेमका तोच पैसे मोजून घरी आणतो.

तेव्हापासून मार्चमध्ये फुललेलं रोप घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. बियांची पाकिटं घ्यायची, नाहीतर कळीही न आलेली, बुटकी, जाड खोडाची रोपं. आणि निवडताना हे झाड मुळात कुठलं, एवढं विचारायचं. झिनिया आणि केशरी कॉसमॉस मेक्सिकोचे. ऑफिस टाइम (पोर्चुलाका) दक्षिण अमेरिकेतला, ब्राझील-अर्जेंटिनाकडचा. गलांडा उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळांवरचा, सदाफुली मादागास्करची. उन्हातच वाढलेली ही मंडळी आपल्या एप्रिल-मेला बिचकत नाहीत.

"होळी जळाली, थंडी पळाली" म्हणतात, पेरणीचं वेळापत्रकही त्यावरच बसवावं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत बी जमिनीत पडायला हवं. विदर्भात आणि सोलापूरकडे तर पाडव्याच्या आधीच उरकावं. उशीर झाला की दोन पानांचं रोप थेट ४० अंशांच्या उन्हात सापडतं, आणि कितीही पाणी घातलं तरी ते उभं राहत नाही. महिन्याभराचं झालेलं, मुळं खाली गेलेलं रोप तेच ऊन अंगावर घेतं. यातली बहुतेक फुलझाडं पेरल्यापासून ५० ते ७० दिवसांत रंगावर येतात. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरलेलं एप्रिलच्या शेवटी ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुलेल.

एकाच वाफ्याला जागा असेल तर झिनिया लावा. बी चपटं, बाणाच्या टोकासारखं असतं. रोपवाटिका करायची गरज नाही. जागेवरच अर्धा सेंटिमीटर खोल टोका, वरून चाळलेलं शेणखत भुरभुरा, चार ते सहा दिवसांत उगवतं. दाट उगवलं की विरळणी करताना हात आखडू नका, दोन रोपांत वीतभर तरी अंतर ठेवा. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. पहिल्यांदा खुडताना जीवावर येतं, पण न खुडलेलं झाड उंच वाढतं, फांद्या कमी धरतं आणि खुडलेलं पाच-सहा फांद्या फेकतं. एकेक फूल झाडावर दोन आठवडे सहज टिकतं. मधला भाग उंच होऊन रंग विटला की ते दोन पानांवरून कापायचं, तिथूनच नवे फुटवे येतात. सगळं बी एकदम पेरू नका. अर्धं ठेवा आणि १५-२० दिवसांनी पेरा, म्हणजे पहिली झाडं थकेपर्यंत दुसरी उभी राहतात. झिनियाला पाणी मात्र बुडाशीच द्यायचं. खरखरीत पानांवर संध्याकाळी फवारा मारत राहिलात तर भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी पांढरी बुरशी, आलीच म्हणून समजा.

कॉसमॉस घेताना पाकिटावरचं चित्र नीट बघा. गुलाबी-पांढरा, बारीक पानांचा कॉसमॉस थंडीतला. उन्हाळ्यात हवा तो पिवळा-केशरी. हा इतका चिवट आहे की एकदा लावलात की पुढच्या वर्षी फरशीच्या फटीतूनही उगवतो. सूर्यफूल मुलांसाठी एका कोपऱ्यात लावावं, पण त्यावर बागेचा रंग अवलंबून ठेवू नये. मोठ्या फुलाची एकदांडी जात एकदा फुलली की संपली.

ऑफिस टाइम ऊन चढलं की उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. सकाळी नऊला कामावर जाणाऱ्याला कळ्या दिसतात, संध्याकाळी परतल्यावर मिटलेली फुलं, त्यामुळे नोकरदाराने तो आपल्या गॅलरीत लावून रुसू नये. पानं मांसल, पाणी साठवणारी असल्यामुळे उथळ कुंडीत, पत्र्याच्या डब्यात, फुटक्या घमेल्यातही चालतो. बी धुळीसारखं बारीक असतं, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकावं आणि वर माती टाकू नये. त्याहून सोपं म्हणजे कुणाकडून तरी बोटभर फांद्या मागून आणाव्यात आणि खोचाव्यात, आठवड्यात धरतात. उत्तरेकडच्या, ऊन न येणाऱ्या गॅलरीत मात्र हा फुलणार नाही.

सदाफुलीबद्दल काय सांगायचं, नावातच सगळं आलं. ती मरते ती बहुधा जास्त पाण्याने. बुंध्याशी काळं पडून सगळं झाड एकदम मान टाकतं. तेव्हा वरची माती सुकू द्या, मगच पाणी. बी पेरल्यावर मातीने झाका, अंधारात ते चांगलं रुजतं. शेताच्या कडेला, उघड्या आवारात लावायची तर आणखी एक फायदा: पानं कडू आणि विषारी असल्यामुळे शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत. आपणही कुणाच्या सांगण्यावरून ती चघळू नये.

बटन फूल आणि कोंबडा यांवर जास्त लिहीत नाही, दोन्ही सोपी. बटन फुलाचं बी लोकरीसारख्या सालीत असतं, ते रात्रभर भिजवून पेरावं. फुलं वाळली तरी रंग सोडत नाहीत.

दोन-चार गुंठे मोकळे असतील आणि विहिरीला मेमध्येही पाणी असेल, तर गलांड्याचा विचार करावा. हार-तोरणांत तो झेंडूच्या बरोबरीने खपतो, लग्नसराईत मागणी असते. गादीवाफ्यावर (जमिनीपासून थोड्या उंच केलेल्या वाफ्यावर) रोपं करून चार-पाच आठवड्यांची झाली की ४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावायची. भरगच्च, गोंड्यासारख्या फुलांची जात घ्या, एकेरी फुलांना हारवाले हात लावत नाहीत. फुलं यायला पेरणीपासून तीन महिने धरा आणि लग्नाच्या तिथी बघून उलटं मोजत पेरा. जूनमध्ये, पावसात भिजलेला माल घेऊन बाजारात उभं राहण्यात अर्थ नाही. तोडणी उजाडतानाच करावी. फुलं बांबूच्या करंडीत भरून वर ओलं गोणपाट टाकावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तासाभरात वाफ धरते आणि खालचा थर काळा पडतो. मेमधल्या पाण्याची खात्री नसेल तर चार गुंठ्यांऐवजी एकच गुंठा लावा. पाण्याच्या अर्धवट ताणावर ठेवलेल्या गलांड्याचं फूल लहान राहतं आणि भाव तिथेच पडतो.

जुन्या झाडांपैकी मोगऱ्याची छाटणी एव्हाना झालेली असायला हवी. राहिली असेल तर शेंडे खुडून, शेणखत घालून पाणी सुरू करा, थोडा उशिरा का होईना बहर येईल. बोगनवेलीचं नेमकं उलटं, तिला पाणी तोडलं की रंग येतो. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावता येतात, पण फुलं पावसाळ्यातच दिसतील. आणि मे फ्लॉवर! वर्षातून एकदाच येणारा तो लाल चेंडू काही टिकाऊ रंगात बसत नाही. तरी एका कुंडीत पाच-सहा कंद असू द्यावेत. मेमध्ये एका सकाळी उघड्या मातीतून दांडा वर आलेला बघण्यासाठी एवढी जागा अडवायला माझी हरकत नसते.

कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे झिनियाला भुरी आणि पानांवरचे डाग लवकर येतात. तिथे कोंबडा आणि बटन फूल लावा. आंब्या-माडाच्या विरळ सावलीत अबोली लावली तर ती वर्षभर गजऱ्याची सोय करते.

आता पाणी. दुपारी दोनला पानं मान टाकतात म्हणून लगेच पाइप उचलू नका. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा बघा. तेव्हा पानं सावरली असतील तर ती उन्हाची मरगळ होती. नाही सावरली तर बोट दोन पेरं मातीत घालून बघा आणि कोरडं लागलं तर पाणी द्या. नेहमीचं पाणी पहाटे द्यावं. वाफ्यावर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन-तीन इंच पसरला तर रोजचं पाणी दिवसाआडवर येतं, हे काळ्या भेगाळणाऱ्या जमिनीत तर लगेच जाणवतं. पश्चिमेच्या गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या एकेकट्या ठेवू नका. ऊन पानांना नाही, कुंडीच्या भिंतीतून मुळांना भाजतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरच्या रांगेभोवती गोणपाट गुंडाळा.

पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसू लागली की पांढऱ्या कागदावर एक पान झटका. हलणारे बारीक लालसर कण दिसले तर तो लाल कोळी, पानांतला रस शोषणारी कीड. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस सकाळी मारा, जेणेकरून पानं दिवसा सुकतील. तरी हटला नाही तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, ऊन उतरल्यावर फवारा. गंधकाची फवारणी भर उन्हाळ्यात टाळा, कडक उन्हात पानं करपतात. युरियाचाही मोह नको, पानं माजतात आणि फुलं रुसतात. पंधरा दिवसांनी एकदा पातळ शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) पुरे.

मेच्या शेवटी झिनिया-गलांड्याची झाडावरच वाळलेली, सगळ्यात चांगल्या रंगाची फुलं काढून कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर रंग लिहा, नाहीतर पुढच्या होळीला सगळं एकसारखंच दिसतं. मृगाचे ढग दिसू लागले की ऑफिस टाइमच्या कुंड्या वळचणीखाली न्या, पावसात तो कुजतो. सदाफुलीची कुंडी साचलेल्या पाण्यातून उचलून विटेवर ठेवा. भुरी आलेला झिनिया उपटून वाफा मोकळा करा आणि पहिल्या सरीनंतर तिथे तेरडा फेका. त्याचा रंग तीनच दिवसांचा म्हणून लोक हिणवतात, पण गौरी येतात तेव्हा अंगणात तोच लागतो.