सेमी-ऑटो (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) मॅग्नम रायफल: कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कोणतं घ्यावं

भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे ही टीप अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथे रीतसर परवाना काढून एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जाणाऱ्या इंदूरकरांसाठी.

ब्राउनिंग BARसारख्या, गोळीमागच्या गॅसच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीत पहिली पसंती .300 विंचेस्टर मॅग्नमला द्या. 180 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी एल्कला पुरते आणि काडतुसं सहज मिळतात. धक्का सोसत नसेल तर 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम, 160 ग्रेन. .338 कॅलिबर मूस (एल्कहूनही मोठं हरीण) किंवा मोठ्या अस्वलासाठी; साध्या हरणामागे ती घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

मेख आहे ती काडतुसात. बोल्ट-ॲक्शन रायफलीत बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) हाताने जोर लावून ढकलून काडतूस आत बसवता येतं, इथे ते काम एकटी स्प्रिंग करते. म्हणून घरी काडतुसं भरत असाल तर काडतुसाची धातूची केस (नळकांडी) पूर्ण लांबीत रिसाइज करा, म्हणजे साच्यात दाबून मूळ मापावर आणा. नुसती मान दाबलेली केस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) अडकते आणि बोल्ट पुरता मिटत नाही. .300च्या काडतुसाची एकूण लांबी 3.34 इंचांच्या आतच ठेवा. जड गोळीमागे फार मंद जळणारी पावडर नकोच: नळीतून गॅस यंत्रणेकडे जातो त्या छिद्रापाशी दाब वाढतो, बोल्ट जोरात मागे आपटतो आणि एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर खेचणारा आकडा) केसची रिम, म्हणजे बुडाची कड, ओरबाडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ फॅक्टरीची काडतुसं वापरावीत.