आवारातील आउटहाउसचे भाड्याच्या सदनिकांत रूपांतर: परवानगीचा मार्ग

घराच्या आवारात गॅरेज, गोदाम, नोकरांच्या खोल्या किंवा वापरात नसलेला गोठा असे आउटहाउस असले, की त्यात थोडी डागडुजी करून दोन-तीन सदनिका भाड्याने देता येतील, असा विचार मालकाच्या मनात येतो. भिंती आणि छप्पर आधीच उभे आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्नच कुठे येतो, असेही अनेकांना वाटते. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये ‘विकास’ या संज्ञेत नव्या बांधकामाबरोबरच इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही येतो. सामान ठेवण्यासाठी मंजूर झालेल्या जागेत कुटुंब राहायला आले, तर एक वीटही न हलवता विकास झालेला असतो, आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद किंवा संबंधित विकास प्राधिकरणाची, पूर्वपरवानगी लागते. या क्षेत्रांबाहेरील प्रादेशिक योजनेच्या हद्दीत हा अधिकार सर्वसाधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो.

त्यामुळे आराखडा काढून घेण्याच्याही आधी मूळ मंजूर नकाशा मिळवावा. घरात प्रत नसेल, तर प्राधिकरणाच्या नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडे अर्ज करून प्रमाणित प्रत मागावी. टाळाटाळ झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खालील अर्ज करावा, त्यावर 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आउटहाउस नकाशावर कोणत्या नावाने दाखवले आहे, हे या नकाशात बारकाईने पाहावे. गॅरेजसारख्या पूरक बांधकामाला नियमांनी बरेचदा सवलत दिलेली असते: ते सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, बांधू दिलेले असते आणि त्याचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधकाम करता येते याचे प्रमाण) धरलेले नसते. ही सवलत त्या विशिष्ट वापरापुरतीच असते. तेथे सदनिका करायची म्हटली, की ते क्षेत्र निर्देशांकात मोजले जाते आणि सामासिक अंतराचा नियम निवासी इमारतीप्रमाणे लागू होतो. बहुतेक प्रस्ताव इथेच अडतात. कुंपणाच्या भिंतीला टेकून उभे असलेले गॅरेज आतून कितीही सुंदर केले तरी ते सदनिका म्हणून मंजूर होणे अवघड असते, आणि हे पैसे खर्च होण्यापूर्वी कळणे मालकाच्या हिताचे असते. आउटहाउस नकाशावर मुळीच नसेल, तर प्रश्न रूपांतराचा न राहता अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा होतो.

निर्देशांकात शिल्लक आहे का, हे परवानाधारक अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून लेखी मांडून घ्यावे. शिल्लक नसेल, तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून जादा चटई क्षेत्र घेता येते का, हे भूखंडासमोरील रस्त्याच्या रुंदीवर बरेच अवलंबून असते. राज्याच्या बहुतांश भागात 2020 च्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबईसाठी मात्र स्वतंत्र नियमावली आहे. गावठाणातील दाट वस्तीच्या क्षेत्राला सामासिक अंतराचे वेगळे निकष असतात, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या नातेवाइकाला परवानगी मिळाली, यावरून आपला अंदाज बांधू नये.

जमिनीची कागदपत्रेही याच टप्प्यावर तपासावीत. झोन दाखल्यावर, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते हे सांगणाऱ्या दाखल्यावर, निवासी वापर दिसला पाहिजे, भूखंडावर सार्वजनिक कामासाठीचे आरक्षण किंवा पूररेषा येत नाही याची खात्री हवी, आणि गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेला, भूखंड असल्यास तो 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमित झालेला असावा. सातबारा उताऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर एकापेक्षा अधिक नावे असतील, तर सर्व सहमालकांचे संमतीपत्र घ्यावे. भावाभावांतील तोंडी संमती अर्ज दाखल होईपर्यंत टिकते. एकाने हरकतीचे पत्र दिले की प्रकरण थांबते.

यानंतर ती वास्तू राहण्यायोग्य करता येते का, हे पाहावे. राष्ट्रीय बांधकाम संहिता, 2016 नुसार एकच खोली असल्यास तिचे क्षेत्र किमान 9.5 चौरस मीटर आणि रुंदी 2.4 मीटर असावी लागते, स्वतंत्र स्वयंपाकघर किमान 5 चौरस मीटरचे, आणि राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर. जुनी गोदामे क्षेत्रफळात बसतात, पण गॅरेजची उंची अनेकदा कमी पडते. खिडक्या मोकळ्या जागेकडेच उघडायला हव्यात, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नव्हे. संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र आवर्जून घ्यावे, कारण सामानासाठी बांधलेल्या पत्र्याच्या छपराखाली आणि उथळ पायावर आता माणसे झोपणार आहेत. वाहनतळ, पाणी, आणि मैलापाण्याची नलिका किंवा वाढीव क्षमतेची सेप्टिक टाकी हेही आराखड्यात दाखवावे लागते.

परवानगीचा अर्ज 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 44 खाली होतो आणि आता बहुतेक ठिकाणी तो तांत्रिक व्यक्तीमार्फत ऑनलाइन दाखल केला जातो. विकास शुल्क, छाननी शुल्क आणि लागू असल्यास बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद कलम 45 मध्ये आहे; परंतु प्रस्ताव नियमांशी तंतोतंत जुळणारा असेल तरच ती लागू होते आणि त्रुटिपत्र आल्यास मुदत उत्तर दिल्यापासून मोजली जाते, म्हणून केवळ तिच्या भरवशावर काम सुरू करणे धोक्याचे आहे. नकार आल्यास 40 दिवसांच्या आत कलम 47 खाली अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्षाची असते आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज करून ती वाढवून घ्यावी लागते.

परवानगी न घेता रूपांतर केल्यास कलम 52 खाली कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे, तर कलम 53 खाली बांधकाम काढण्याची नोटीस येऊ शकते. नोटीस मिळाल्यावर तिच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो; ही संधी गप्प बसून घालवू नये. महानगरपालिका मिळकतकर किंवा शास्ती वसूल करते म्हणून बांधकाम अधिकृत झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे.

काम मंजूर नकाशाप्रमाणेच करावे, बदल करायचा झाल्यास सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला हरकत नसल्याचा प्राधिकरणाचा दाखला, हाती आल्यावरच भाडेकरू ठेवावा. मिळकतकराची नवी आकारणी आणि प्रत्येक सदनिकेची वीजजोडणी त्या आधारे करून घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्या कराराच्या मिळकत वर्णनात भोगवटा प्रमाणपत्रावरील सदनिका क्रमांक आणि क्षेत्रच लिहावे. जुन्या कागदांवरील ‘गॅरेज’ किंवा ‘गोदाम’ हे वर्णन तसेच उतरवू नये.