मास्टर्सला जायचंय? आधी घड्याळ, मग तिकीट

यंदा आमच्या सकाळच्या बॅचमधल्या चौघांनी मास्टर्स, म्हणजे मोठ्या माणसांच्या वयोगटानुसार होणाऱ्या जलतरण स्पर्धेत उतरायचं ठरवलंय. दोघं पंचगंगेत शिकलेले, एक जण पाठीला डबा बांधून गावाकडच्या विहिरीत, आणि चौथ्या आमच्या वहिनी, ज्या चाळिशीत कोल्हापुरातल्या अंबाई टँकवर, म्हणजे पोहण्याच्या तलावावर पहिल्यांदा पाण्यात उतरल्या. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या मनात हे घोळतंय त्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतोय.

आधी स्वतःचा वयोगट नीट काढा. जागतिक नियमांत मास्टर्स 25 व्या वर्षी सुरू होतं आणि गट पाच-पाच वर्षांचे असतात. वय धरतात ते स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला. म्हणजे ज्याला डिसेंबरात 45 पूर्ण होणार, तो जानेवारीपासूनच 45 ते 49 मध्ये जातो आणि त्या गटातला सगळ्यांत तरुण ठरतो. असं वर्ष पाच वर्षांतून एकदाच येतं, ते वाया घालवू नका. मात्र आपल्याकडच्या स्पर्धेचं पत्रक वाचूनच गट पक्का करा.

मग आपली खरी वेळ काढा. इथं मी फार आग्रही आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत स्वतःच मोजलेली वेळ धरू नका. काठावरच्या कुणाच्या तरी हातात स्टॉपवॉच द्या, सुरुवातीचं ‘टेक युवर मार्क’ म्हणायला लावा आणि स्पर्धेसारखं एकदाच, जीव लावून पोहा. टँक 25 मीटरचा असेल तर 100 मीटरला तीन टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं मिळतात, 50 मीटरच्या तलावात एकच. भिंतीला पाय मारून मिळणारा धक्का दोनदा कमी झाला की शेवटचे वीस मीटर हात जड होतात. म्हणून स्पर्धेआधी एकदा तरी मोठ्या तलावात पोहून या आणि अर्जात तीच वेळ लिहा. हीट, म्हणजे एकत्र पोहणाऱ्यांच्या तुकड्या, त्यावरच लागतात. मास्टर्समध्ये बहुतेक वेळा वेगळी फायनल नसते, सगळ्या हीटमधल्या वेळा एकत्र करून नंबर काढतात. आणि खऱ्यापेक्षा वेगवान वेळ लिहिली तर भलत्याच हीटमध्ये एकटे मागे राहाल.

राष्ट्रीयला राज्याच्या संघातून जायचं असतं. तेव्हा कॅलेंडरवर पहिली खूण राज्याच्या मास्टर्स स्पर्धेची करा आणि तिथून मागे मोजत सरावाचे आठवडे लावा. जागतिक मास्टर्सला प्रत्येक गटाची आणि प्रकाराची पात्रता वेळ ठरलेली असते. ती आत्ताच वहीत लिहून ठेवा, रोज समोर दिसू दे. पहिल्या वर्षी दोनच प्रकार घ्या. पाच-पाच प्रकारांत नाव घालून तिसऱ्यात दमून बसलेले मी पाहिलेत, वाईट वाटतं.

नदी-विहिरीत शिकलेल्यांचा दम दांडगा असतो, पण सूर खोल जातो. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच ठोकळ्यावरून मारायचा सूर लांब आणि उथळ हवा. तो जमत नसेल तर मास्टर्सच्या नियमात काठावरून किंवा पाण्यात भिंतीला धरून सुरुवात करायची मुभा आहे. त्यात कमीपणा नाही. बटरफ्लायला (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढं टाकायचा प्रकार) मास्टर्समध्ये ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी किकही चालते. 2010 च्या एशियाडमध्ये 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं आणलं होतं, त्या प्रकाराला नुसतं घाबरून लांब राहू नका. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला मात्र टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. माझ्या पहिल्या स्पर्धेत डावा हात आधी लागला आणि चांगली झालेली वेळ बाद झाली. तेव्हापासून सरावातला प्रत्येक टर्न मी दोन्ही हातांनीच घेतो, अगदी शेवटच्या सैल लॅपमध्येसुद्धा.

डॉक्टरांकडं जायचं पुढं ढकलू नका. चाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि ईसीजी करूनच फिटनेसचा दाखला घ्या. आधार आणि जन्मतारखेच्या पुराव्याच्या प्रतींसोबत तो पिशवीत ठेवा.

स्पर्धा पुण्यात बालेवाडीला असेल तर सोपं आहे. आपला हायवे क्रीडा संकुलाजवळूनच जातो, मुंबईच्या गाडीनं थेट तिथं उतरता येतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस मात्र पहाटे अंधारात पुण्यात सोडते. अर्धवट झोपेत पोहायचं नसेल तर आदल्या दिवशी सकाळची कोयना घ्या, संध्याकाळी तलाव बघून या. परराज्यात जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुटतं, त्या दिवशी सकाळीच बसा.

पिशवीत गॉगल दोन हवेत, आणि दोन्ही वापरलेले. नवा गॉगल स्पर्धेत पहिल्यांदा घातला की सूर मारताना पाणी शिरतं. रबर आदल्या रात्री ओढून बघा, बारीक चीर दिसली तर तो घरीच ठेवा. पोहायचा पोशाख कापडी आणि एकच. एकावर एक घालता येत नाही. टॉवेल दोन, कारण पहिल्या रेसनंतर एक ओलाच राहतो. पायात रबरी चप्पल. आपली कोल्हापुरी पाण्यात भिजवू नका, चामडं खराब होतं. आपल्या हीटची वाट बघत तास-दोन तास बसावं लागतं, थंडी असेल तर स्वेटर आणि मोजे.

तांबडा-पांढरा आणि मिसळ रेस संपेपर्यंत थांबू दे. धारोष्ण दुधाची सवय असलेल्यांनीही त्या सकाळी ते टाळावं, पोट जड होतं. दोन-अडीच तास आधी पोहे किंवा उपमा, मधल्या वेळेत केळं, राजगिऱ्याचा लाडू आणि पाणी.

आणि चौघे जाताय तर रिलेचं, म्हणजे चौघांनी एकामागून एक पोहायच्या शर्यतीचं नाव घालाच. रिलेचा गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतो: 38, 41, 44 आणि 47 म्हणजे 170, तर 160 ते 199 चा गट. वहिनी आहेत, म्हणून मिश्र (बाया-पुरुष एकत्र) रिले ठेवली आहे का ते पत्रकात बघा. कार्यक्रम लांबतो, रिले उशिरा येते. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचंच काढा.