रोमन ब्रॉन्झ नाणं हातात आलं तर ते वाचायचं कसं

पहिलं म्हणजे घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नको, कारण त्या हिरव्या-तपकिरी थरातच चेहरा आणि अक्षरं टिकलेली असतात, तो थर गेला की सगळं गेलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, अधनंमधनं पाणी बदला, माती मऊ झाली की लाकडी टूथपिकनं हळूहळू काढा.

मग खिडकीपाशी जावा आणि नाणं तिरकं धरा, उजेड बाजूनं पडला की झिजलेलं पण दिसतंय. आधी राजाच्या डोक्यावर काय आहे ते बघा. पानांची माळ, सूर्यासारखे टोकदार किरण, का मोत्यांची पट्टी? मोत्यांची पट्टी असेल तर कॉन्स्टंटाईन या रोमन सम्राटाच्या काळातलं किंवा त्यानंतरचं, म्हणजे चौथ्या शतकाच्या आसपास. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नाण्यावर किरण असतील तर बहुतेक दुपाँडियस, त्याची किंमत दोन अस (अस हे पण एक रोमन नाणं), आणि दोन्ही आकारानं जवळपास सारखेच, म्हणून किरण बघायचे, शिवाय दुपाँडियस पितळेचा आणि अस तांब्याचा. सराफाकडं वजन केलं आणि २५ ग्रॅमच्या आसपास भरलं तर सेस्टर्शियस समजा, म्हणजे या दोन्हींपेक्षा मोठं नाणं.

अक्षरं बहुतेक डावीकडं खालनं सुरू होतात आणि घड्याळाच्या दिशेनं फिरतात, शब्दांत जागा नसते, आणि यूच्या जागी व्ही असतो. एव्हीजी दिसलं की ऑगस्टस, आयएमपी म्हणजे इम्पेरातोर, दोन्ही सम्राटाच्या पदव्या. टीआरपी म्हणजे सम्राटाला मिळणारा ट्रिब्यूनचा अधिकार, त्याच्या पुढं आकडा असेल तर लॉटरीच, तो अधिकार दरवर्षी नवा व्हायचा त्यामुळं साल काढता येतं. डीएन म्हणजे 'आमचा धनी', हे उशिराच्या नाण्यांवर.

मागची बाजू मला जास्त आवडते, कारण जो राजा लोकांना जन्मात दिसणार नव्हता त्याचं म्हणणं तिथनं घरोघरी जायचं. कॉन्स्टंटाईनच्या बारक्या नाण्यांवर दोन शिपाई उभे असतात, मधली निशाणं मोजा: दोन असली तर साधारण ३३० ते ३३५, एकच असलं तर त्यानंतरचं, तेव्हा नाणं पण लहान झालेलं. ३४८ पासनं शिपाई घोडेस्वाराला भाला खुपसतोय, आणि कडेनं लिहिलंय सुखाचे दिवस परत आले! एकदम तळाला टांकसाळ, एएनटी म्हणजे अँटिओक, एएलई म्हणजे अलेक्झांड्रिया. असली उशिराची बारकी नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत पण सापडलीत.

आपल्या बेळगावच्या पावसात मात्र जपा. फिकट हिरवी पावडर सुटायला लागली तर तो ब्रॉन्झचा रोग, ओल लागली की पसरतो, ते नाणं लगेच बाकीच्यांपासनं वेगळं करा. डब्यात सिलिका जेल टाका, पीव्हीसीचे पाऊच नकोत.

आणि शेतात कुणाला जुनी नाणी सापडली तर मोडवाल्याकडं न्यायची नाहीत, कर्नाटकाचा १९६२ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला कळवायचं. सापडली ती जागा उकरू पण नका, कुठल्या थरात काय होतं ते तिथंच कळतं.